एकच प्रतिविष सगळ्या सापांवर? मग आमच्या फुरशाचं काय?

काचनळी | शुक्रवार, रात्री १०.५०

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला सात ग्रुपांवरून आला. "अमेरिकेतल्या माणसाच्या रक्तापासून सगळ्या सापांवर चालणारी लस तयार, आता सर्पदंशानं कुणी मरणार नाही." खाली फणा काढलेला नाग आणि जोडलेले हात. पाठवणाऱ्यांत एक मुख्याध्यापक आहेत, दोन सर्पमित्र आहेत, आणि सातवे माझे सख्खे चुलते. चुलत्यांना गेल्या ऑक्टोबरात फुरसं चावलं होतं. त्यांनी खाली विचारलंय, "हे आपल्याकडं कधी येणार?" फोनवर सांगायला गेलो, अर्धा तास बोललो आणि निम्मंच सांगून झालं. म्हणून इथं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून बालाघाटाच्या कुशीतल्या एका तालुक्याच्या गावी लॅब चालवतो. रक्त, लघवी, शुगर, थायरॉईड, पावसाळ्यात डेंग्यू. वाचायचा नाद आहे एवढंच.

चुलत्यांचं असं झालं. सोयाबीन काढून शेतातच बनीम (गंजी) लावलेली. परतीचा पाऊस गडगडायला लागला म्हणून रात्री नऊच्या सुमाराला ताडपत्री नीट करायला गेले. घडीत हात घातला आणि बोटाला निखारा लागल्यासारखं झालं. बॅटरी मारली तर मातकट रंगाचं, हातभरसुद्धा नसलेलं, अंगावर अंग घासून करवतीसारखं खरखर वाजवत बसलेलं. पोरांनी दोरी बांधली नाही, ब्लेड लावलं नाही, सरळ मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखाना गाठला. इथपर्यंत सगळं चोख.

दवाखान्यात २० मिनिटांची ती प्रसिद्ध चाचणी झाली. शिरेतून २ मिली रक्त काढायचं, नळीत ठेवायचं, हलवायचं नाही, २० मिनिटांनी तिरपी करून बघायची. गोठलं तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विषानं रक्ताचं गोठणं मोडलंय. चुलत्यांचं वाहिलं. हिरड्यांतूनही रक्त येत होतं, त्यामुळं शंकाच नव्हती. १० बाटल्या प्रतिविष लागलं. अर्ध्या तासात प्रतिविषाचीच रिअ‍ॅक्शन आली: अंगावर गांधी उठल्या, हुडहुडी भरली, अ‍ॅड्रेनलीन द्यावं लागलं. सहा तासांनी परत चाचणी, परत पाणी. परत १० बाटल्या. मी पोचलो तेव्हा तिसऱ्या फेरीची तयारी चाललेली.

माझी नजर नळीवर गेली. प्लास्टिकची होती.

या चाचणीत रक्त वेळेत गोठायला काचेचा स्पर्श लागतो. काचेला लागलं की गोठण्याची साखळी सुरू होते, प्लास्टिकला ती तितकी जुमानत नाही. काचेचीच नळी पण साबणाच्या पावडरीनं धुतलेली असेल तरी तीच गत. मी लॅबमधून कोऱ्या करकरीत काचेच्या दोन नळ्या आणल्या, डॉक्टरांनी रक्त काढून दिलं, खिडकीत ठेवून आम्ही दोघंही घड्याळाकडं बघत बसलो. २० मिनिटांनी नळी तिरपी केली. मग उलटी केली. रक्त वाटीतल्या दह्यासारखं जागच्या जागी. तिसरी फेरी वाचली. दुसरीची गरज होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आता फॉरवर्डकडं. बातमी खोटी नाही, अर्धी आहे. माणूस खरा आहे: टिम फ्रीड, विस्कॉन्सिनचा, ट्रक दुरुस्त करणारा. पठ्ठ्यानं सुमारे १८ वर्षं स्वतःला विष टोचून घेतलं, ७०० च्या वर टोचण्या आणि शिवाय जिवंत सापांकडून २०० च्या वर दंश. त्याच्या रक्तातून सेंटिव्हॅक्स कंपनीचे जेकब ग्लॅनव्हिल आणि कोलंबिया विद्यापीठातले पीटर क्वाँग यांच्या चमूनं दोन अँटीबॉडी (विषाला धरून निकामी करणारी रक्तातली प्रथिनं) वेगळ्या काढल्या, जोडीला व्हारेस्प्लाडिब नावाचं एक रासायनिक औषध घातलं, आणि मे २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात निकाल छापले. १९ जातींच्या सापांचं विष, उंदरांवर चाचणी. १३ जातींपासून पूर्ण बचाव, ६ जातींपासून थोडाफार.

मेख इथं आहे. १९ च्या १९ एकाच कुळातले आहेत. नाग, मण्यार, मांबा, तायपान ही सगळी भावकी. घोणस आणि फुरसं त्यात नाहीतच, त्यांचं कूळ वेगळं आणि विषाचं काम वेगळं. म्हणजे चुलत्यांच्या बोटाला त्या औषधाचा आज काडीचाही उपयोग नव्हता.

आणखी दोन कामं वाचण्यासारखी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचं. हे बेकर म्हणजे २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांनी घोडा नाही, उंदीर नाही, कुणाचंही रक्त न घेता संगणकावरच प्रथिनाचा आकार बेतला, नागाच्या विषातल्या एका घटकावर कुलपात किल्ली बसावी तसा. मग ते प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतलं. उंदरांना विष दिल्यावर १५ मिनिटांनी ते टोचलं तरी उंदीर वाचले. दुसरं सिडनी विद्यापीठाचं, २०२४ मधलं: हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं साधं औषध, नागदंशानंतर मांस सडणं रोखतं. हेपॅरिन तर आपल्याकडं सहज मिळतं. असं काही फुरशावर का वापरत नाहीत हा माझा प्रश्न. जाणकारांनी सांगावं.

काळं_रान | शुक्रवार, रात्री ११.३२

भारी लिहिलाव भाऊ. बनमीचं वाचून अंगावर काटा आला, आमची अजून रानातच हाय.

पण मला एक समजंना. विष ते विष. एका सापाचं उतरवणारं औषध दुसऱ्याला कामून चालत नाही? दवाखान्यात तर एकच बाटली देतेत सगळ्याला.

काचनळी | शनिवार, सकाळी ७.१५

रास्त प्रश्न आहे. विष म्हणजे एक पदार्थ नाही, कालवण आहे. एकेका सापाच्या विषात डझनांनी प्रथिनं असतात आणि प्रत्येकाचा धंदा निराळा.

नागाचं मुख्य हत्यार म्हणजे तीन बोटांसारख्या आकाराचं एक चिमुकलं प्रथिन. मेंदूनं धाडलेला निरोप स्नायू जिथं घेतो, त्या दारात ते जाऊन बसतं. निरोप येतो, दार बंद. पापण्या पडतात, गिळता येईना, शेवटी श्वास. मण्यार हे तर करतेच, वर निरोप धाडणारी नसेची टोकंच उद्ध्वस्त करते. म्हणून नागदंशात निरोपाचा जोर वाढवणाऱ्या निओस्टिग्मीनच्या सुईनं पापणी उघडते तशी मण्यारीत सहसा उघडत नाही. टोकं नव्यानं उगवेपर्यंत व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं.

फुरसं आणि घोणस नसांच्या वाटेला फारसे जात नाहीत, रक्ताच्या मागं लागतात. फुरशाच्या विषात एकॅरिन नावाचं विकर (एन्झाइम) आहे, ते रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे गोठण्याच्या साखळीतल्या एका प्रथिनाला, विनाकारण जागं करतं. घोणशीचं विकर साखळीत जरा वरच्या कडीला, फॅक्टर दहाला, धरतं. दोन्हींचा परिणाम एकच: अंगभर बारीक बारीक गुठळ्या होत राहतात, गोठण्याचं सगळं सामान त्यात खपतं आणि मग गोठायला काही उरतच नाही. यकृताला ते सामान परत भरायला पाच-सहा तास लागतात, म्हणून चाचणी सहा तासांनी.

बाटलीचं म्हणाल तर ती एक दिसते, आत चार आहेत. घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं वाढवत टोचतात आणि त्याच्या रक्तातून चौघांवरच्या अँटीबॉडी काढतात. युक्ती १८९० च्या दशकातली, आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरची.

गंमत सांगतो. हीच दोन विषं आमच्या धंद्यात औषधासारखी वापरतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची एक तपासणी असते, तिच्यात घोणशीचं विष पातळ करून रक्तात घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. आणि हार्ट अटॅकच्या पेशंटला देतात ते टायरोफिबान, त्याचा नमुना फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनावरून घेतलाय. चुलत्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मला अटॅक यायचा न्हाई म्हण आता."

बंधपत्रित | शनिवार, दुपारी १.०५

काचनळी, लेख उत्तम, पण हेपॅरिनचं वाक्य लगेच दुरुस्त करा. मी डॉक्टर, ग्रामीण भागात बंधपत्रावर (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा) काम करतोय, सोयाबीन काढणीच्या महिन्यात आठवड्याला चार-पाच दंश बघतो. तुमचं वाचून कुणी फुरशाच्या पेशंटला हेपॅरिन टोचलं तर तो रक्तस्रावानं जाईल.

सिडनीचं काम आफ्रिकेतल्या विष थुंकणाऱ्या नागांवरचं आहे. त्यांनी माणसाच्या पेशींतली एकेक जनुकं बंद करून पाहिलं की कुठलं बंद केलं की पेशी विषातून वाचते. उत्तर मिळालं: पेशीच्या अंगावर हेपॅरन नावाची एक साखर असते, तिला धरून विष आत शिरतं. हेपॅरिन दिसायला तिच्यासारखं, म्हणून विष त्यालाच चिकटतं आणि फसतं. तिथं हेपॅरिन रक्त पातळ करायला नाही, आमिष म्हणून वापरलंय, आणि तेही उंदरांत, कातडीच्या जखमेपुरतं. आपल्या घोणस-फुरशाच्या दंशात हेपॅरिनला जागा नाही.

बेकर यांच्या कामाबद्दल पण एक. त्यांनी उंदरांना सापाचं अख्खं विष नाही, त्यातला शुद्ध केलेला एकेक घटक दिला होता. अख्खं विष हा वेगळा सामना आहे. अशा बातम्या वाचताना मी दोनच गोष्टी शोधतो. विष अख्खं होतं का? आणि औषध विषात आधीच कालवून टोचलं की विष दिल्यावर नंतर? आधी कालवून उंदीर वाचवणं ही पहिली पायरी. आमच्याकडं पेशंट कालवून येत नाही, चावल्यावर दोन तासांनी येतो.

नळीचं शंभर टक्के खरं. आमच्याकडं एकदा काचेच्या नळ्या संपल्या तेव्हा इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या वापरायचं कुणीतरी सुचवलं. मी नको म्हटलं, आत औषध उरलेलं असतं.

काचनळी | शनिवार, दुपारी १.४०

चूक माझी. संपादनाची मुदत संपलीय, म्हणून इथंच ठळक लिहितो: फुरसं किंवा घोणस चावल्यावर हेपॅरिन देऊ नये. डॉक्टरसाहेब, आभार. शुद्ध घटक आणि अख्खं विष हा फरक माझ्याकडून सुटला होता.

शब्दकिडा | शनिवार, दुपारी २.१०

शीर्षकात प्रतिविष आणि फॉरवर्डमध्ये लस. लस आधी टोचतात, प्रतिविष नंतर. एवढं तरी नीट लिहा राव.

काळं_रान | शनिवार, दुपारी २.१८

शब्दकिडा सर, आमच्याकडं दवाखान्यात जाऊन 'प्रतिविष द्या' म्हणलं तर शिपाई दुकानाचा पत्ता सांगंल. सापाची लस म्हणलं की कळतंय.

मांजराकाठ | शनिवार, रात्री ९.४७

खूप दिवसांनी लिहितेय. मण्यारीचं वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं घर ऊसतोडीवरचं. मी शिकले, बाहेर पडले, बाकीचे अजून जातात. चार वर्षांपूर्वी मामाचा मुलगा, बारावी झालेला, कारखान्यावर कोपीत (तोडकऱ्यांच्या खोपटात) खाली अंथरुणावर झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. उलटी झाली. रात्रीचं खाल्लेलं बाधलं असेल म्हणून जवळच्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटीची सुई दिली आणि परत पाठवलं. सकाळी आठला तो म्हणाला, "आई, डोळे उघडंनात." मामी म्हणाली, झोप झाली नाही रे. दहाला त्याला बोलता येईना.

अंगावर चावल्याची खूणच नव्हती. दुपारी कोपी उचकली तेव्हा गोधडीखाली साप निघाला. काळा, पांढरे पट्टे. आजी त्याला कांडर म्हणायची.

मला विचारायचंय ते एवढंच. त्या नव्या औषधांत मण्यारीवर नक्की काय आहे?

बंधपत्रित | शनिवार, रात्री १०.३०

ताई, फार वाईट वाटलं. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, खूण दिसत नाही. पहाटेची पोटदुखी आणि मग जड पापण्या हे तिचं ठरलेलं लक्षण आहे. जमिनीवर झोपणारा माणूस पहाटे पोट धरून आला तर आधी पापण्या बघायच्या, हे आम्हाला शिकवतात. पण रात्रपाळीला शेवटच्या तासात ते आठवावं लागतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फ्रीडच्या रक्तातल्या दोन अँटीबॉडी आहेत त्या दारात बसणाऱ्या तीन बोटांच्या घटकांवर. नसेची टोकं उद्ध्वस्त करणारं मण्यारीचं दुसरं हत्यार फॉस्फोलायपेज नावाच्या विकराचं आहे. त्याच्यासाठीच तिसरा गडी म्हणून व्हारेस्प्लाडिब घातलंय. म्हणजे मण्यारीच्या कुळाचा विचार त्यात आहे. पण काम अजून उंदरांपुरतं आहे, आणि टोकं एकदा गेली की अँटीबॉडी त्यांना परत उगवत नाही. लवकर द्यावं लागणार, हे आजच्या बाटलीचंही खरं आहे आणि उद्याच्याही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची विषावरची प्रयोगशाळा आहे. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कृत्रिम मानवी अँटीबॉडी जाहीर केली, तीही या तीन बोटांच्या घटकांतल्या एका गटावर. घोड्याऐवजी मानवी अँटीबॉडी असल्यानं काचनळींच्या चुलत्यांना झाला तसा त्रास कमी व्हावा ही अपेक्षा.

पुण्यातला_परभणीकर | रविवार, सकाळी १०.२०

वाखूसा (वाचनखूण साठवली). औषधनिर्मितीत आहे, प्रतिविषात नाही, तरी चार गोष्टी.

घोड्याच्या रक्तद्रवातून अँटीबॉडी काढल्यावर तिचा शेपटाचा भाग पेप्सिननं कापून टाकतात, त्रास कमी व्हावा म्हणून. तरी उरतेच ती घोड्याची. शिवाय घोडं काही आपल्या इंजेक्शनची वाट बघत उभं नव्हतं, त्याच्या अंगात धूळ-जंतू सगळ्यांवरच्या अँटीबॉडी असतात. बाटलीतला बराचसा भाग सापाच्या कामाचाच नसतो. म्हणून दहा-दहा बाटल्या.

दुसरं, विष कुठून येतं? देशातलं बहुतेक विष तमिळनाडूतून येतं, चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. १९७८ पासून ते साप पकडतात, विष काढतात आणि परत सोडतात. कामाला तोड नाही. पण ते विष तिकडच्या सापांचं. सुनगर यांच्याच गटानं दाखवलंय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. घोणशीवरचं त्यांचं २०२५ चं काम तर थेट हवामानावर आहे: कोरड्या भागातल्या घोणशीच्या विषात प्रथिनं तोडणारी विकरं जास्त जोरकस. कोरडा भाग म्हटल्यावर मला दुसरं काय आठवणार? बालाघाटावरच्या फुरशाचं विष घेऊन त्या बाटलीशी कुणी गाठ घालून बघायला हवी, असं मला राहून राहून वाटतं.

तिसरं, रक्त बिघडवणाऱ्या सापांसाठी काहीच होत नाही असं नाही. तोंडानं घ्यायच्या गोळ्यांवर काम चालू आहे. फुरशाच्या विषातली मोठी विकरं जस्तावर चालतात. जस्त काढून घेतलं की ती पांगळी. युनिथिऑल नावाचं औषध धातूंच्या विषबाधेवर आधीपासून आहे, ते लिव्हरपूलच्या संशोधकांनी सापासाठी वापरून बघितलं आणि केनियात निरोगी माणसांवर त्याची पहिल्या टप्प्याची चाचणीही झाली. काळं_रान यांच्यासाठी सोप्यात: विष उतरवायचं नाही, त्याच्या अवजाराचा खिळा काढून घ्यायचा.

व्हारेस्प्लाडिबच्या गोळीची चाचणी तर अमेरिका आणि भारतातल्या खऱ्या पेशंटांवर झाली. २०२४ मध्ये निकाल आला. मुख्य निकषावर फरक दिसला नाही. लवकर, पाच तासांच्या आत ज्यांना मिळाली त्यांच्यात बरं चित्र होतं, पण अशा पोटगटावर फार भिस्त ठेवू नये. हे मुद्दाम लिहितोय, कारण या निकालाचा फॉरवर्ड मला एकदाही आला नाही.

जालन्याचा_पाव्हणा | रविवार, दुपारी १२.०५

जुनं औषध नव्या विषावर म्हणताय तर आपल्या मराठवाड्याचा माणूस कसा विसरता? डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात महाडच्या बाजूला सरकारी दवाखान्यात असताना विंचू चावलेली माणसं फुप्फुसात पाणी होऊन त्यांच्यासमोर जायची. त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून बघितलं, टिपणं ठेवली, 'लॅन्सेट'ला धाडली. मृत्यू ४० टक्क्यांच्या घरात होते ते १ टक्क्यावर आले. पुढं विंचवाचं प्रतिविष आलं तेव्हा प्राझोसिनसोबत ते दिलं तर माणूस लवकर सावरतो हेही त्यांनीच तपासून २०११ मध्ये छापलं. पद्मश्री मिळाली २०२२ ला.

ना उंदीर, ना संगणक. खाटेशेजारी बसून रक्तदाब मोजणं.

बंधपत्रित | रविवार, दुपारी १२.४०

पाव्हणं, मानलं. फक्त 'ना उंदीर' म्हणून प्रयोगशाळेला कमी लेखू नका. विंचवाच्या विषानं कुठली नस पेटते हे आधी कुणीतरी शोधलं होतं, म्हणून प्राझोसिन सुचलं.

नागोबाचा_मित्र | रविवार, सायंकाळी ६.३०

हे सगळं ठीक. पण आमच्या शेजारच्या गावात एक बाबा आहेत, कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. शेकडो माणसं वाचवलीत. त्याचं संशोधन का होत नाही?

काचनळी | रविवार, सायंकाळी ७.०२

बाबांकडं शंभर येतात त्यांत धामण, दिवड, कवड्या चावलेले किती, हे मोजलं तर हिशेब लागेल. बिनविषारी सापाच्या चाव्यातून कुणीही वाचतो, पाला चावून वा न चावून. विषारी साप पण दर वेळी विष सोडतोच असं नाही. फुरशाच्या पेशंटला पाला चावायला दिला तर कडू की गोड ते माहीत नाही, हिरड्यांतून रक्त मात्र येईल.

चुलत्यांनाही वाटेत एकानं हात केला होता, आधी मारुतीच्या पारावर घ्या म्हणून. पोरांनी गाडीच थांबवली नाही.

काळं_रान | रविवार, रात्री ८.१५

आमच्यातला एक जण म्हणायलाय, त्या ट्रकवाल्यासारखं थोडं थोडं टोचून घ्यावं काय? रात्रीची लाईट असती, बारा ते आठ पाणी द्यावं लागतंय, अंधारात दांड धरताना पायाखाली काय हाय कळत नाही.

बंधपत्रित | रविवार, रात्री ८.२४

अजिबात नाही!! ते दंश घेताना फ्रीड स्वतः एकदा बेशुद्ध होऊन आयसीयूत गेला होता. ज्यांनी त्याचं रक्त वापरलं तेच शास्त्रज्ञ सांगतायत की असं कुणी करू नका, आता गरजही नाही. गमबूट घाला. खरंच सांगतो. आणि काठी आपटत चाला, घोणस जागची हलत नाही पण निदान फुत्कारेल तरी.

गोठ्यातून | सोमवार, सकाळी ६.५०

बैलाला चावल्यावर पण हेच का? गेल्या साली परड (घोणस) चावली, तोंड सुजून भोपळा झालेलं.

बंधपत्रित | सोमवार, सकाळी ८.३०

औषध तेच, पशुवैद्यक देतात. मात्रेचं गणित मजेदार आहे. साप समोर पोर आहे की पैलवान हे बघून विष कमी-जास्त सोडत नाही, त्यामुळं लहान मुलाला प्रतिविष मोठ्याइतकंच लागतं. आयांना हे पटवणं अवघड जातं, "एवढ्याशा लेकराला दहा बाटल्या?" बैलाचं मात्र पशुवैद्यकांनाच विचारा, मी त्यात पडत नाही.

मांजराकाठ | सोमवार, रात्री १०.१०

काल मामीला फोन केला. खूण नसते, दुखत नाही, हे डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मला कळायला पाहिजे होतं असं न्हाई ना?" मी नाही म्हटलं.

या वर्षी टोळीसोबत पाच मच्छरदाण्या दिल्यात. अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचायच्या, हे माझ्या पुतण्याला दोनदा करून दाखवलं.

बंधपत्रित | सोमवार, रात्री १०.२५

ताई, मच्छरदाणी खोचणं मण्यारीवर खरंच चालतं. मामींना सांगा, ते कळणं आमचं काम होतं.

पुण्यातला_परभणीकर | मंगळवार, सकाळी ९.००

थोडं आणखी, मग थांबतो. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटानं २०२५ च्या ऑक्टोबरात 'नेचर'मध्ये उंटाच्या भाऊबंदांच्या, म्हणजे लामा-अल्पाकाच्या, छोट्या अँटीबॉडींचं मिश्रण दाखवलं. ८ अँटीबॉडी, आफ्रिकेतल्या १८ सापांपैकी १७ जणांच्या विषावर उंदीर वाचले. परत सगळे नागाच्याच कुळातले. तीन बोटांचा घटक सगळ्यांत थोड्याफार फरकानं सारखा, म्हणून तिथं एका किल्लीनं अनेक कुलपं उघडतात. घोणस-फुरशाची विकरं मोठी, नाना तऱ्हांची. त्यामुळं प्रयोगशाळा आधी सोप्या कुलपाकडं जातात, यात कुणाचा पक्षपात नाही. फक्त आपल्या रानात अवघड कुलूप जास्त आहे.

काचनळी | मंगळवार, रात्री ९.३५

चुलत्यांना धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, "म्हणजे नागाचं आधी, मग माझं. रांगेत तरी हाय ना?" हाय म्हणालो. फॉरवर्ड त्यांनी ग्रुपातून काढून टाकला आणि तिथं नळीचा फोटो टाकला, त्याखाली मुख्याध्यापकांनी हात जोडलेत.

बंधपत्रित, तुमच्याकडं नळ्या संपतात म्हणालात. माझ्याकडं कोऱ्या काचेच्या, साबण न लागलेल्या, १० मिलीच्या दोन पेट्या पडून आहेत. हल्ली आमची सगळी लॅब रंगीत टोपीच्या प्लास्टिकवर चालते, त्यांना कुणी विचारत नाही. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एसटीच्या पार्सलनं टाकतो.

बंधपत्रित | मंगळवार, रात्री ९.५२

व्यनि केलाय. पेटीवर 'काच' असं मोठं लिहा, मागच्या वेळची स्लाइडची पेटी चुऱ्यासकट आली होती.